शिवणीतली माया

मास्तर कापड बेतायला घेत, तेव्हा आधी माया सोडत आणि मग कात्री लावत. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची, माया थोडी बाहेर घ्यायची, आणि जुनाच कपडा पुन्हा अंगाला बसतो. गिऱ्हाइकाच्या कपड्यात मास्तर अर्धा इंच माया ठेवत. मुलीच्या कपड्यात दोन इंच.

मुलगी पंधरा वर्षांची. शाळेत तिला तिच्या नावाने हाक मारत, घरात ती चिमणी होती. सातव्या महिन्यातच जन्मली, दोन महिने दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिली, आणि घरी आली तेव्हा मास्तरांच्या एका हातावर मावत होती. निघताना तिथली नर्स म्हणाली होती, "आता हिला खाऊपिऊ घाला आणि मोठी करा." मास्तरांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. पोर रडली की घास, हसली की घास, पडली की घास, परीक्षेत पहिली आली की दोन घास. चिमणीची आई पोस्टात काउंटरला बसायची, तिला घरी यायला सहा वाजायचे. तोवर पोर बापाच्या हवाली. मास्तर स्वतः काठीसारखे बारीक. आपलं दुपारचं जेवण ते हटकून विसरत, पण मुलीच्या चारच्या खाण्यात त्यांनी एक दिवस खंड पडू दिला नव्हता.

दुकान घराच्या खालीच होतं. शाळा सुटली की चिमणी आधी दुकानात शिरायची, दप्तर कापडाच्या ठाणांवर टाकायची आणि स्टूल ओढून मशीनच्या टेबलाशी बसायची. तिथे क्रीमच्या बिस्किटांचा डबा झाकण काढून तयार असायचा. मग मशीनची घरघर, इस्त्रीच्या वाफेचा वास आणि शाळेतल्या बित्तंबातम्या. अख्ख्या दिवसात मास्तरांना हा अर्धा तास सगळ्यात प्यारा.

आणि या लाडक्या लेकीपासून मास्तरांनी एक गोष्ट दोन वर्षं लपवून ठेवली होती.

गणवेशाचा निळा स्कर्ट तिला कमरेत घट्ट होतोय, हे तिच्या आधी त्यांना कळायचं. शिवणाऱ्याच्या नजरेला टेप लागत नाही. ती बसता बसता हळूच हुक चाचपायला लागली की मास्तर समजायचे. मग रविवारी ती मैत्रिणीकडे गेली की स्कर्ट खाली दुकानात यायचा. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवायच्या, थोडं कापड सोडायचं, नवी टीप मारायची आणि वाफेच्या इस्त्रीने जुन्या टिपेची खूण बुजवून टाकायची. सोमवारी सकाळी हुक बिनबोभाट लागायचा.

एकदा आईने पाहिलंच. "अहो, हे काय चाललंय?"

"धुण्यात कापड आटलंय."

आईने स्कर्ट हातात घेऊन उलटसुलट केला. "कापड दर वेळी कमरेतच कसं आटतं?"

मास्तरांनी ओठांत टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. आईनेही जास्त ताणून धरलं नाही. पोरीचं मन दुखवायचं तिच्याही जिवावर येत होतं.

त्या वर्षी शाळेत सगळ्या मुलांची तपासणी झाली आणि चिमणीबरोबर घरी एक चिठ्ठी आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर अगदी काठावर होती. दोन जिने चढले की तिला धाप लागत होती, गुडघे दुखत होते, आणि यातलं तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पथ्य लिहून द्या डॉक्टर," ते म्हणाले. "मी जातीने लक्ष घालतो."

डॉक्टर वयस्कर होते, घाईत नव्हते. "पथ्याचा कागद मी आत्ता देतो. तुम्ही तो फ्रिजवर लावाल. महिन्याभराने कागद फ्रिजवरच असेल आणि बाकी सगळं होतं तिथे. त्यापेक्षा वरच्या मजल्यावर जा. तिथे एक ताई आहेत, त्या सवयींवर काम करतात. वेळ लागतो, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. पण जे हाती लागतं ते सहसा सुटत नाही."

वरच्या मजल्यावरच्या ताई पस्तिशीच्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. खोलीत चार खुर्च्या गोलात मांडलेल्या, मध्ये टेबल नाही. कोपऱ्यात वजनकाटा होता, पण त्यावर कुंडी ठेवली होती. मास्तरांना ते बघून बरं वाटलं आणि थोडं संशयास्पदही वाटलं.

"वजन कमी करणं हे आत्ता आपलं कामच नाही," ताईंनी सुरुवातच अशी केली. "ही अजून वाढतेय. वजन आहे तिथे थांबलं तरी उंची आपलं काम करेल. आपण फक्त बघायचं, घरात कोण, काय, कधी आणि का खातं. दोन आठवडे तिघांनी वही लिहायची. काही बदलायचं नाही, नुसतं लिहायचं. आणि खाताना कसं वाटत होतं, तेही."

"तिघांनी?" मास्तर म्हणाले. "मी कशाला? माझ्याकडे बघा तरी."

"तुमच्याकडे बघूनच म्हणतेय," ताई म्हणाल्या. "ही एकटी राहत असती तर एकटीला वही दिली असती."

चिमणी पहिल्यांदा हसली. आतापर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. तिला वाटलं होतं, इथेही कुणीतरी चष्म्यावरून बघत तिला किती ग्लास पाणी प्यायचं ते सांगणार.

दोन आठवडे घरात तीन वह्या फिरत राहिल्या. मास्तरांनी आपली वही मापांच्या वहीशेजारी ठेवली आणि तितक्याच काटेकोरपणे लिहिली. दोन आठवड्यांनी त्या गोलात बसून प्रत्येकाने आपापलं वाचायचं होतं.

आईने आधी वाचलं. "साडेपाच वाजता, काउंटर बंद केल्यावर, उभ्याउभ्या. केकचा तुकडा. सहकाऱ्याचा वाढदिवस. कसं वाटलं: नको होता, पण नाही म्हणता आलं नाही." तिने पान उलटलं. "असे पाच वाढदिवस झाले. चौदा दिवसांत. आमच्या पोस्टात माणसं किती आहेत हे मला वही लिहिल्यावर कळलं."

मग मास्तर. "चार वाजता. दुकानात, मशीनच्या टेबलावर. चिमणी शाळेतून आली. क्रीमची बिस्किटं, ती सहा, मी एक. कसं वाटलं: फार छान." रोज चार वाजता हेच. मास्तरांनी ते मोठ्या खुशीत वाचलं.

चिमणीने वही उघडली आणि गळा साफ केला. "चार वाजता. दुकानात. बिस्किटं, सहा. भूक नव्हती, शाळेत डबा खाल्ला होता. कसं वाटलं..." ती थांबली. "बाबांना बरं वाटावं म्हणून खाल्ली."

मास्तरांनी खाली फरशीकडे बघितलं. तिने दुसऱ्या दिवसाचं वाचलं, तिसऱ्या दिवसाचं वाचलं. शब्द बदलत होते, मजकूर तोच.

"अगं, मग सांगायचं नाही का?" ते हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही डबा उघडून वाट बघत असता," चिमणी म्हणाली. "कसं सांगणार?"

ताईंनी हा विषय तिथेच राहू दिला. त्या वेगळंच विचारत होत्या, सहज, वहीत काहीतरी टिपता टिपता. "चिमणी, तुला स्वतःला कधी जाणवलं? कपडे घट्ट होतायत वगैरे?"

"कधीच नाही," चिमणी म्हणाली. "माझा शाळेचा स्कर्ट सातवीपासून तोच आहे. बाबाच शिवतात सगळं."

ताईंनी मान वर केली आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी आपल्या नखांकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आईने उगाच पर्सची चेन लावली, उघडली. आणि चिमणीने हे तिन्ही चेहरे बघितले.

घरी गेल्यावर ती सरळ वर गेली. आपल्या खोलीत जाऊन तिने स्कर्ट उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या कापडात, शिवणीच्या बाजूने, सुईच्या बारीक भोकांच्या रांगा होत्या. एकीशेजारी एक, नांगराच्या तासांसारख्या सरळ. इस्त्रीने वळ जातात, पण भोकं राहतात.

ती स्कर्ट घेऊन खाली आली. दुकानात एक गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं होतं. चिमणी दाराशी थांबली. त्याने पुढून बघितलं, मागून बघितलं, बाही जरा लांब वाटते म्हणाला, मग नाही म्हणाला, मग निघून गेला. मास्तरांना ती पाच मिनिटं पाच तासांसारखी गेली.

"हे काय आहे?" चिमणीने स्कर्ट टेबलावर पसरला.

"जुनी शिवण."

"तीन आहेत."

"चार," मास्तर म्हणाले. आता लपवून काय राहणार होतं? "पहिली दिसत नसेल."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटली. "वर्गातल्या मुली मला जाडी म्हणायच्या, बाबा. मी म्हणायचे, खोटं बोलताय, माझा स्कर्ट सातवीपासून तोच आहे. मी त्यांच्याशी भांडले. एकीशी तर आजतागायत बोलत नाही. अख्ख्या वर्गाला जे दिसत होतं ते मला एकटीलाच माहीत नव्हतं."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मग आता कसं वाटतंय मला, असं वाटतं तुम्हाला?"

ती स्कर्ट तिथेच टाकून वर गेली.

पुढचे चार दिवस ती दुकानात आली नाही. बाजूच्या जिन्याने परस्पर वर जायची. चार वाजता मास्तर सवयीने डबा उघडायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. मशीन चालत होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं. एका शर्टाची डावी बाही त्यांनी उजवीकडे बसवली. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

"माफी मागा," आई म्हणाली.

"कशी मागू?"

"तोंडाने."

"तू पण गप्प बसलीसच की."

"बसले," आई म्हणाली. "मी परवाच मागितली. मला म्हणाली, बघू."

मास्तर ताईंकडे एकटेच गेले. दोन आठवडे थांबायला त्यांच्यात धीर नव्हता. सगळं सांगून टाकलं. ताईंना वाटलं असतं तर त्यांनी चांगलं सुनावलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही.

"मास्तर, गिऱ्हाइकाचं माप घेताना दोन इंच कमी सांगता का कधी? त्याला बरं वाटावं म्हणून?"

"छे. कपडा बिघडेल."

"हं," ताई म्हणाल्या, आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत मास्तर विचार करत बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना बरोबर मापाचे कपडे शिवून दिले होते. कुणी लठ्ठ असो, वाकलेला असो, एक खांदा उतरलेला असो, मास्तर त्याच्या अंगाचा मान राखून कपडा बेतत. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं ते त्यामुळेच. आणि घरच्या पोरीला मात्र त्यांनी आरसाच दिला नव्हता.

त्या संध्याकाळी चिमणी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मास्तरांनी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तू जन्मलीस तेव्हा एवढीशी होतीस..."

"बाबा, ती गोष्ट मला तोंडपाठ आहे," चिमणी म्हणाली. "मी आता पेटीत नाही."

मास्तरांच्या हातातली बशी तशीच राहिली. इतकी साधी गोष्ट, पण कुणीतरी सांगेपर्यंत त्यांना ती कळली नव्हती.

"नाहीस," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

"मला नवा स्कर्ट शिवा. माझ्या मापाचा. आणि माप मी बघणार."

दुसऱ्या दिवशी दुकानात माप झालं. मास्तरांनी टेप धरली, आकडा तिने वाचला, वहीत तिनेच लिहिला. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. खिसे मोठे ठेवा." खिशांचा विषय निघाला, तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. ताई कधीच सांगत नसत की हे कर, ते करू नकोस. त्या विचारायच्या, "या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची तर कुठली?" चिमणीने चारची बिस्किटं निवडली.

"बंद करायची?" ताईंनी विचारलं.

"बंद नाही. भूक असली तर वर जाऊन, ताटलीत काढून, बसून खाईन. दुकानात नाही."

"मग दुकानात येऊन करशील काय?" मास्तरांच्या तोंडून गेलंच.

"तुमच्याशी बोलेन की."

पण सवय मोडणं बोलण्याइतकं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस दोघंही त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसायची, जणू घरातलं कुणीतरी गावाला गेलंय. बोलणं अडायचं. मग एक दिवस एका म्हाताऱ्या बाईंचा झगा तयार होता आणि त्यांना गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत येववत नव्हतं. मास्तर म्हणाले, "चल, देऊन येऊ." दोघं चालत गेली, चालत आली. जाताना चिमणीने भूगोलाच्या बाईंची नक्कल करून दाखवली. येताना मास्तरांनी आपल्या उमेदवारीच्या काळात एका नवरदेवाच्या पँटला दोन्ही पाय डावेच कसे शिवले होते, ते सांगितलं. अर्धा तास कधी सरला कळलं नाही. आठवड्याने हेच वहीत आलं: आठवड्यातून चार दिवस, तयार कपडे घरपोच. गल्लीत बातमी पसरली आणि मास्तरांचा धंदाही थोडा वाढला.

यात एक मेख होती. कपडे घेऊन दारात गेलं की लोक आत बोलावत. चहा, केक, तळलेले बटाटे, गोड काहीतरी. "पोर दमली असेल, खाऊन जा." एका संध्याकाळी तीन घरं झाली आणि तिन्ही घरी चिमणीला खावं लागलं. ती वैतागून ताईंकडे आली.

"मग तालीम करू," ताई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही आग्रह करणाऱ्या काकू व्हा."

मास्तर आधी लाजले. पण एकदा अंगात आल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. ताईंची ओढणी डोक्यावर घेऊन, वहीचं ताट करून ते चिमणीच्या मागे खोलीभर फिरले. "घे गं, एवढंसं. माझ्या हाताला चव नाही का? मागच्या वेळी घेतलंस की. रागावलीस का माझ्यावर? बरं, अर्धं घे. बरं, वास तरी घे."

चिमणी हसून हसून खुर्चीत बसली. सात-आठ वेळा करून बघितल्यावर तिला तिचं वाक्य सापडलं. "काकू, आत्ता पोट भरलंय, पण पाणी द्या, आणि तुमच्या मांजरीला भेटते." समोरच्याला काहीतरी द्यायचं असतं, मग त्याला काहीतरी देऊ द्यावं, हे तिचं तिनेच शोधून काढलं. आईनेही पोस्टात तोच डाव टाकला. वाढदिवसाचा केक कागदात गुंडाळून घ्यायचा आणि बसस्टॉपवरच्या फुलवाल्या बाईंना द्यायचा. त्या बाई आता पोस्टातल्या सगळ्यांचे वाढदिवस ओळखून होत्या.

तीन महिन्यांनी कुंडी उचलून काट्यावर वजन झालं. जेवढं होतं तेवढंच. मास्तरांचा चेहरा पडला. ताईंनी भिंतीवरच्या पट्टीवर चिमणीची उंची मोजली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वजन हललं नाही, उंची एक सेंटिमीटर वाढली. मास्तर, हेच तर हवं होतं." आठव्या महिन्यात साखर काठावरून मागे सरली. जिने चढताना चिमणी आता मध्येच थांबत नव्हती, आणि ज्या मुलीशी बोलणं टाकलं होतं तिच्याशी तिने स्वतःहून बोलणं सुरू केलं. काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढचं वर्ष शेवटच्या परीक्षेचं होतं. क्लास, जास्तीचे तास, सराव. कपडे पोचवायचं काम मास्तर एकट्याने करू लागले. चिमणी पुस्तकाशेजारी पुडा ठेवून बसायची, पुडा कधी संपला ते तिला कळायचंही नाही. वही कपाटात गेली. ताईंची एक वेळ चुकली, मग दुसरी. मग फोनवर "परीक्षा झाली की येतो" असं सांगण्यात आलं. परीक्षा झाली, कोणी गेलं नाही.

मास्तरांना दिसत होतं. बसताना तिचा हात पुन्हा कमरेकडे जात होता. एका रविवारी ती बाहेर गेलेली असताना तो मोठ्या खिशांचा स्कर्ट धुऊन वाळत होता, आणि मास्तरांनी तो दोरीवरून कधी काढला हे त्यांचं त्यांना कळलं नाही. दुकानात आणला, उलटा केला, उसवायची सुई टाक्यात घातली. एक टाका तुटला.

मग ते थांबले. सुई बाजूला ठेवली. आई वरून हाक मारत होती, त्यांनी ओ दिली नाही. चिमणी परत आली तेव्हा ते दुकानाच्या दारातच उभे होते, हातात स्कर्ट.

"कंबर घट्ट झालीय," ते म्हणाले. "मी उसवायला घेतला होता. एक टाका उसवला. तुला न विचारता पुढे जायचं नाही असं ठरवलं. सोडू की राहू देऊ? तू सांग."

चिमणी खाली मान घालून उभी राहिली. मग दुकानात आली आणि तिच्या जुन्या स्टुलावर बसली. कितीतरी महिन्यांनी.

"मला माहीत आहे घट्ट झालाय," ती म्हणाली. "ताईंकडे जायची लाज वाटते. एवढं सगळं केलं त्यांनी, आणि मी वाया घालवलं."

"त्या रागावणार नाहीत."

"तेच तर. रागावल्या तर बरं पडेल."

मास्तरांना हसू आलं, आणि मग तिलाही.

"सोडा," ती म्हणाली. "दम कोंडतोय त्यात. एक इंच सोडा. आणि उद्या फोन लावा."

तिच्यासमोर बसून मास्तरांनी शिवण उसवली आणि इंचभर सोडली. तिने टीप मारली. सरळ आली नाही, पण मास्तरांनी ती तशीच ठेवली.

ताई खरोखरच रागावल्या नाहीत. "मी वाटच बघत होते," त्या म्हणाल्या. "घसरायचा धडा सगळ्यांनाच असतो. तुझा आत्ता आला, मी इथे असताना आला, हे उत्तम झालं. सांग, कुठून सुरुवात झाली?" चिमणीने कपाटातली वही आणली होती. दोघींनी ती मागून पुढे वाचली आणि ज्या आठवड्यात लिहिणं थांबलं, तिथे बोट ठेवलं. त्या आठवड्यात कोणतंच संकट आलं नव्हतं. गणिताचे तास वाढले होते आणि चालणं सुटलं होतं, एवढंच. पुन्हा एकच गोष्ट निवडायची होती. चिमणीने चालणं निवडलं, तेही दहा मिनिटं. मास्तरांना ते फार कमी वाटलं. त्यांनी जीभ आवरली.

पुढे असे आणखी दोन धडे झाले, एक आजारपणात, एक उगाचच. प्रत्येक वेळी परतीची वाट आधीपेक्षा जरा लवकर सापडली. ताईंकडचं जाणं महिन्यावरून तीन महिन्यांवर आलं, मग सहा महिन्यांवर. चिमणी काही काठी झाली नाही. रुंद खांद्यांची, भरलेल्या अंगाची, दमदार मुलगी झाली. तिची साखर ठीक होती, गुडघे ठीक होते. मधल्या काळात तिनेच मास्तरांच्या वहीत बघून विचारलं होतं, "बाबा, तुमच्या दुपारच्या जेवणाची पानं कोरी का?" तेव्हापासून एक वाजता दुकानाला अर्धा तास कुलूप लागू लागलं. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग त्यांनाही सवय झाली.

एकोणिसाव्या वर्षी तिने जमीन मोजण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दुसऱ्या शहरात, वसतिगृहात. तिथे मुलींनाही दिवसभर मोजणीयंत्राची तिपाई खांद्यावर घेऊन माळावर हिंडावं लागतं, हे ऐकून मास्तर घाबरले आणि सगळ्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत सुटले.

तिथून दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. एका रविवारी आवाज जरा बसलेला वाटला.

"काय गं?"

"काही नाही. नकाशे द्यायचे होते. चार दिवस खोलीतच बसले, पुडे फोडून खाल्ले, जेवायला खाली उतरलेच नाही."

मास्तरांच्या घशाशी दहा वाक्यं आली. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि खुर्ची ओढून बसले. "मग?"

"मग काय. पाचव्या दिवशी खाली गेले जेवायला. मैत्रिणीला घेऊन नदीपर्यंत चालून आले." ती जांभई देत होती. "बाबा, या बुटांनी टाच सोलवटलीय. तुमच्याकडे येणारे ते चांभारकाका आहेत ना, त्यांना विचारा, आतून चामड्याची पट्टी लावली तर चालेल का?"

"कुठल्या बाजूने सोलवटलीय? आतून की बाहेरून?"

"मागून. वरच्या काठाशी."

मास्तरांनी खडू घेतला, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि टेबलावर बुटाचं चित्र काढायला सुरुवात केली. "हं, सांग. टाचेपासून किती वर?"